जोतिबाकडे पाठ केलेली अँटिना

आमच्या घरमालकांनी शिट्टी फुंकली की गल्लीतली कुत्रीसुद्धा रांगेत उभी राहतात, असं आम्हाला खोली दाखवणाऱ्यानं आधीच सांगितलं होतं. मी ती थाप समजले. लग्न होऊन रत्नागिरीहून नुकती कोल्हापुरात आले होते. नवऱ्याची औषधांच्या कंपनीत फिरतीची नोकरी, माझी बँकेत. मंगळवार पेठेतली ती माडीवरची खोली हवेशीर होती, नळाला पाणी होतं, मग मालकाच्या शिट्टीची चौकशी कोण करत बसतो? सामान लावून मी चहाचं आधण ठेवलं आणि डोक्यावरच्या गच्चीतून अशी शिट्टी झाली की हातातला साखरेचा डबा सुटला. पाठोपाठ आवाज आला, "पोरी, जिन्यात ये. खालनं अक्का काय सांगत्या ते मला वर सांगायचं. मधी आपलं डोकं चालवायचं न्हाई."

ना ओळख, ना पाळख. पण त्या आवाजात असं काही होतं की मी गॅस बंद करून मुकाट्यानं जिन्यात जाऊन उभी राहिले. पुढे आम्ही त्या घरात राहिलो तोवर जिन्याच्या वळणावरची ती पायरी म्हणजे माझी नेमणुकीची जागा होती. बँकेत कुणी विचारलं की संध्याकाळी काय करतेस, तर मी सांगायची, "टीव्हीत काम करते."

मालक मूळचे कोडोलीचे, आणि शाळेत कवायतीचे मास्तर होते. निवृत्त होऊन शाळा सुटली, पण शिट्टी सुटली नव्हती. तांबड्या दोरीत ओवलेली ती शिट्टी गळ्यात कायम. अंघोळीलाही काढायचे नाहीत. तिच्यात पाणी जाऊन आवाज बसेल म्हणून एका हातानं ती उंच धरून दुसऱ्या हातानं अंगावर तांबे घ्यायचे, असं अक्काच सांगायच्या. अक्का म्हणजे त्यांची बायको. निपाणीच्याही पलीकडची, माहेरी कानडी बोलणारी, आणि कोल्हापुरात राहून "मी आलो, मी बसलो" असं इथल्या बायकांच्या रीतीनं बोलणारी. सगळी गल्ली त्यांना अक्काच म्हणायची.

आणि मास्तरांचा छंद म्हणजे अँटिना. विकतची अँटिना म्हणजे त्यांना विकतच्या भाकरीसारखी वाटायची. पहिली अँटिना त्यांनी शाळेतून मोडीत निघालेल्या भाल्यांची केली. हो, भालाफेकीचे भाले. चांगले अॅल्युमिनियमचे, सरळ, हलके. ते करवतीनं कापून माशाच्या काट्यासारखे एका दांडीवर आडवे ठोकले. मग वाटलं, एवढ्यानं भागायचं नाही. म्हणून त्याला कवायतीच्या लोखंडी रिंगा लागल्या. मग एक लेझीम लागली. लेझमीनं चित्रात काय फरक पडला देव जाणे, पण वारा सुटला की आमच्या घरावर कायम कुणीतरी मिरवणूक काढल्यासारखा आवाज यायचा. स्वयंपाकघरातली चाळण मिळेना झाली की अक्का सरळ गच्चीकडे बघायच्या. पापड भाजायची जाळी वर गेली ती परत आलीच नाही. त्या विस्तवावर हातानंच पापड भाजायला शिकल्या.

कामाची पद्धत ठरलेली होती. एक शिट्टी म्हणजे मास्तर अँटिना डावीकडे फिरवतायत, दोन म्हणजे उजवीकडे, लांब शिट्टी म्हणजे थांबले. खाली सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, टीव्हीपुढं अक्का. मधे मी.

"काय दिसतंय?" मास्तर वरून.

"काय दिसतंय?" मी खाली.

अक्कांना आलं किंवा गेलं एवढं सांगून समाधान नसायचं. "बातम्याची बाई आली. पण दोन बाया हायत. एक सांगत्या, आणि दुसरी तिच्या मागनं तेच सांगत्या."

"दोन बाया आहेत," मी वर.

"दुसरीला घालवतो." शिट्टी. "आता?"

"आता दोघी बी गेल्या. मुंग्या आल्यात."

असं तासभर चालायचं. आणि गंमत अशी की एवढं करून मास्तरांना मी टीव्हीपुढं बसलेलं कधी पाहिलं नाही. "टीव्ही काय, कुणीबी बघतंय," ते म्हणायचे. "टीव्ही आणायला अंगात दम लागतो." चित्र स्वच्छ आलं की ते बेचैन व्हायचे. अजून जरा सुधारेल म्हणून पुन्हा वर चढायचे आणि होतं तेही घालवून बसायचे. "ह्यास्नी बरं चाललेलं बघवत न्हाई," अक्का म्हणायच्या, आणि तेवढ्या वेळात लसूण सोलून ठेवायच्या.

पुढे बऱ्याच वर्षांनी, आम्ही ती खोली सोडल्यावर, गल्लीत केबल आली आणि नंतर घराघरावर त्या डिशच्या छत्र्या आल्या. मी भेटायला गेले तेव्हा परगावच्या नोकरीतून परतलेल्या मास्तरांच्या मुलानंही एक छत्री बसवलेली होती. मास्तरांनी दुसरी एक कुठून तरी जुनी पैदा केली होती आणि ती गच्चीवर उताणी ठेवून तिच्यात पाणी भरलं होतं. "चिमण्या पाणी पित्यात," म्हणाले. "हिचा उपयोग तेवढाच. घरात बसून बटण दाबायचं आणि सगळं दिसायचं, ह्यात माणसाचा काय पराक्रम?"

पण मला सांगायचंय ते त्याच्या कितीतरी आधीचं.

त्या घरात एक नियम होता. जोतिबाकडे पाठ करून बसायचं नाही. डोंगर शहराच्या वायव्येला. त्यामुळे सोप्यातल्या खुर्च्या, पलंग, अक्कांचा पाट, सगळ्यांची तोंडं वायव्येला. पाहुणा चुकून उलटा बसला तर मास्तर त्याला काही बोलायचे नाहीत. खुर्चीचे दोन्ही हात धरायचे आणि माणसासकट खुर्ची उचलून फिरवून ठेवायचे. माझा नवरा असा दोनदा फिरवला गेलाय. तिसऱ्यांदा तो उभाच राहिला. अँटिना थोडी डावी-उजवीकडे हलली तरी तिचं तोंडही अर्थातच जोतिबाकडे. समोरच्या घरात कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे एक सर राहायचे. ते त्यांच्या ओसरीतून हसत म्हणायचे, "मास्तर, टीव्हीचा मनोरा गावातच आहे. तुम्ही अँटिना कुंडीत लावलीत तरी चित्र येईल." मास्तर म्हणायचे, "येईल की. पण देवाला काय वाटंल?" सरांच्या बैठकीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, आणि देवाला काय वाटेल या प्रश्नात ते पडत नसत. पण संध्याकाळचा चहा ते बहुतेक मास्तरांकडेच घ्यायचे, वायव्येला तोंड करून.

अक्कांचं दुखणं मला एके दिवशी तांदूळ निवडताना कळलं. मी सहज विचारलं, माहेरी कधी जात नाही का?

"कशी जाऊ?" त्या म्हणाल्या. "दोघांनी माझी वाट बांधून घातलीया."

झालं होतं ते असं. अक्कांना आई लहानपणीच गेली. थोरल्या भावानं, म्हणजे अण्णांनी, त्यांना वाढवलं. अण्णा गावात भजन गायचे, एकतारी घेऊन, कानडीत. अक्कांना ते गाऊनच झोपवायचे. पुढे अण्णांच्या मुलीचं लग्न निघालं आणि पंगतीची व्यवस्था कोल्हापूरच्या मास्तरांकडे आली. अक्षता पडल्या, पानं वाढली गेली, आणि अण्णा गायला बसले. अण्णा गायला बसले की त्यांना जेवणाची शुद्ध नसे. भात गार झाला, वरण गार झालं, लांबून आलेली माणसं पोटाला हात लावून बसली. मास्तरांचा हात सवयीनं गळ्याकडे गेला. भर मांडवात त्यांनी लांब शिट्टी फुंकली आणि गरजले, "खेळ बंद! जेवायला चला, दोनाच्या रांगेत."

सगळा मांडव उठला. नवरदेवही उठला. अण्णा एकटे एकतारी मांडीवर घेऊन बसून राहिले.

"मग अण्णा म्हणाले," अक्कांनी सुपातला खडा काढून लांब फेकला, "ज्यानं माझ्या गाण्यावर शिट्टी मारली, त्याच्या घरात माझा आवाज जाणार न्हाई. आणि हे म्हणाले, मी बी तुमच्या शिवेत पाय टाकणार न्हाई. दोघं बी शब्दाचं पक्कं. जायचं तर जोडीनं जायचं असं मी म्हणतो, म्हणून मी बी ऱ्हायलो. लई वर्सं झाली. मला आता त्यांचा आवाज नीट आठवत बी न्हाई बग."

हे शेवटचं वाक्य त्या अशा साध्या सुरात बोलल्या की मी निवडून झालेल्या तांदळात पुन्हा खडे शोधू लागले.

त्या पावसाळ्यानंतर अक्कांच्या गावची एक बाई, जी दर आठवड्याला मिरच्या विकायला यायची, ती बातमी घेऊन आली. अण्णांना टीव्हीवाल्यांनी बोलावलं होतं. गाऊनही आले होते. पुढच्याच्या पुढच्या रविवारी संध्याकाळी कानडी कार्यक्रमात ते दाखवणार होते, बेळगावच्या मनोऱ्यावरून. अक्का कुणाला काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवशीच्या आमटीत मीठ नव्हतं. मास्तरांनी ती अळणी आमटी दोन वाट्या प्यायली, मग पान बाजूला सारलं आणि विचारलं, "काय झालंय?"

अक्कांनी सांगितलं. मास्तरांनी उठून हात धुतले. मग म्हणाले, "त्यांनी आवाज माझ्या घरात पाठवायचा न्हाई म्हटलंय. मी आणायचा न्हाई असं कोण म्हटलंय?"

आणि गच्चीवर गेले.

सरांना बोलावणं गेलं. सर म्हणाले, बेळगाव लांब आहे, पण अगदीच अशक्य नाही. अँटिना आजूबाजूच्या घरांच्या चांगली वर न्यायला हवी, चित्राचा जोर वाढवणारा बूस्टर हवा, आणि तिचं तोंड दक्षिणेकडे हवं.

"तोंड दक्षिणेला," मास्तर हळूच म्हणाले. "म्हणजे पाठ?"

सरांनी डोंगराकडे पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं. "पाठ जोतिबाकडे."

"मग ते न्हाई जमायचं."

अक्का खाली टीव्हीपुढं उगाच बसून होत्या, टीव्ही बंदच होता. मास्तरांनी वाकून जिन्यातून ते पाहिलं. मग म्हणाले, "सर, चेंडू भिंतीवर मारला की परत येतोय का न्हाई?"

"येतो."

"मग बेळगाव आपटून घ्यायचं."

दुसऱ्या दिवशी गच्चीवर जुने पत्रे आले. ते वायव्येच्या बाजूला उभे केले, म्हणजे बेळगावहून येणारं चित्र पत्र्यावर आपटून, उलटं फिरून, जोतिबाकडे तोंड करून बसलेल्या अँटिनात पडावं. सरांनी हात जोडले. वारा आला की पत्र्यांचा असा गडगडाट व्हायचा की खालून जाणारी माणसं छत्री उघडायची. बेळगाव काही आपटलं नाही. मात्र मागच्या गच्चीवर सांडगे-पापड घालणाऱ्या बाईंनी निरोप पाठवला की पत्रे तसेच ठेवा, पापड एवढे झटपट कधी वाळले नव्हते.

"आलं का?" मास्तर वरून.

"मुंग्या," मी वर सांगितलं.

वर पत्रा सरकवल्याचा आवाज. मग, "जरा नीट बघायला सांग. मुंग्या कानडी हायत का मराठी?"

मी हसून पायरीवर बसले. खाली अक्काही हसत होत्या, आणि हसता हसता पदर डोळ्याला लावत होत्या. रविवार जवळ येत चालला होता.

शेवटी मास्तर म्हणाले, देवालाच विचारू. मी, अक्का आणि ते, माणशी भाडं घेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून जोतिबाला गेलो. मास्तरांनी गुरवाला सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली. भाले, लेझीम, पत्रे, मेव्हणा. मागं दर्शनाची रांग ताटकळलेली. गुरव म्हातारा, कानामागं दवणा खोचलेला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पावणं, चैत्रात सासनकाठी नाचवतासा का न्हाई?"

"म्हंजे काय, नाचवतो की. आमच्या तालमीची काठी येत्या."

"मग ती उंच काठी दोरांवर गरगर फिरत्या, तवा तिची पाठ कुणाकडं असत्या?"

मास्तर डोकं खाजवू लागले. असं मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं.

"काठीला पाठ नसत्या," गुरव म्हणाला. "पाठ माणसाला असत्या. तुमची तेवढी तुम्ही सांभाळा. सरका आता पुढं."

परतताना मास्तर जीपमध्ये गुलालानं माखलेलं कपाळ घेऊन एकटेच हसत होते. पेठेत उतरल्या उतरल्या ते तालमीत गेले. तालमीची जुनी सासनकाठी, गेल्या वर्षी उतरवलेली, आढ्याला टांगलेली होती. भला लांब, सरळ वेळू. मास्तरांनी ती मागितली. तालमीचे वस्ताद म्हणाले, देतो, मास्तर, तुमच्या हाताखाली आम्ही कवायत केलीया. पण काठी लोखंडाला बांधायची न्हाई. काठी माणसानं धरायची असत्या. दोर धरायला आम्ही येतो.

रंगीत तालीम शनिवारी झाली. वेळूच्या शेंड्याला भाले, रिंगा, बूस्टर आणि पापडाची जाळी. लेझीम सरांनी हट्टानं काढायला लावली. चार बाजूंच्या चार गच्च्यांवर दोर धरून पैलवान. काठी उभी राहिली तेव्हा मला खरंच धडकी भरली, एवढी ती उंच होती. अँटिनाचं तोंड बेळगावकडे लागलं आणि खालून अक्कांचा आवाज आला, "आलं! कोण तर कानडीत शेतीचं सांगायलंय!"

तेवढ्यात काठी उठल्याचं ऐकून गल्लीतला हलगीवाला धावत आला. कुणी त्याला बोलावलं नव्हतं. त्यानं खाली दारात हलगी घुमवली, कुणीतरी "जोतिबाच्या नावानं चांगभलं" म्हटलं, आणि मग काय विचारता. वर्षानुवर्षांची सवय. पैलवानांच्या अंगात वारं शिरलं आणि त्यांनी अँटिना नाचवायला सुरुवात केली.

"आलं," खालून अक्का. "गेलं. आलं. गेलं. आलं, गेलं."

अगदी हलगीच्या ठेक्यावर. मास्तर शिट्ट्या फुंकून लाल झाले. बूस्टर एका गच्चीवर पडला आणि चाळणीसारखी काहीतरी वस्तू शेजारच्या पाण्याच्या टाकीत. रात्रीपर्यंत सगळं परत जोडावं लागलं, आणि हलगीवाल्याला उद्या संध्याकाळी कुठंतरी लांब पाठवायचं ठरलं.

रविवारी संध्याकाळी मी पायरीवर हजर झाले तेव्हा मास्तर वर चढत होते. त्यांच्याकडे पाहून काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग कळलं. गळा मोकळा होता. उन्हानं रापलेल्या मानेवर दोरीच्या जागेचा पांढरा वळ तेवढा दिसत होता. शिट्टी सोप्यातल्या खिळ्याला टांगलेली होती.

"शिट्टी राहिली तुमची," मी म्हणाले.

"ऱ्हायली न्हाई. ठेवलीया." त्यांनी मोकळ्या मानेवरून हात फिरवला. "त्यांच्या गाण्यात एकदा वाजली ती बास. जवळ असली तर हात जातोय."

काठी उभी राहिली. बुंधा मास्तरांनी स्वतः कवेत घेतला, आणि उभे राहिले ते जोतिबाकडे तोंड करून. म्हणजे अँटिनाचं तोंड बेळगावकडे आणि मास्तरांचं नेमकं उलट. एका दोरावर माणूस कमी होता, तर समोरचे सर बाह्या सरसावून पुढं आले. "तुम्ही चांगभलं म्हणा, मी जय भीम म्हणतो," ते म्हणाले. "काठी सरळ राहिल्याशी मतलब." वस्तादांनी त्यांच्या हातात दोर दिला आणि तळहाताला माती लावून घ्यायला सांगितली.

खाली टीव्ही खरखरत होता. मग खरखर थांबली.

"आलं का?" मास्तर, दबक्या आवाजात.

"अक्का, आलं का?" मी.

उत्तर नाही. मी पुन्हा विचारलं. उत्तर नाही. माझी जागा सोडायची नाही असा नियम होता, तरी मी धावत खाली गेले. अक्का टीव्हीच्या इतक्या जवळ बसल्या होत्या की उजेड त्यांच्या कपाळावर हलत होता. मुंग्यांच्या पडद्याआड फेटा बांधलेला एक म्हातारा एकतारी घेऊन गात होता. आणि त्याच्या किंचित मागं, धूसर, तसाच दुसरा म्हातारा तेच गात होता.

"दोन अण्णा आल्यात," अक्का माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "सांग त्यास्नी. दोनी बी ऱ्हाऊ देत."

मी वर जाऊन सांगितलं, "दोन अण्णा आहेत. दोन्ही राहू देत म्हणतात."

एरवी दुसऱ्याला घालवल्याशिवाय ज्यांना चैन पडत नसे ते मास्तर तसूभरही हलले नाहीत. खाली अक्कांनी आवाज पूर्ण मोठा केला. गाणं जिन्यातून वर येऊ लागलं. मला कानडी येत नाही, पण तो आवाज जुन्या पितळी भांड्यासारखा होता, जड आणि उबदार. वस्तादांचा पाय ठेका धरू लागला. "हलू नका," मास्तर पुटपुटले. एक पारवा येऊन शेंड्यावरच्या भाल्यावर बसला. एरवी एका शिट्टीत उडाला असता. आम्ही सगळे मान वर करून त्याच्याकडे विनवणीनं बघत राहिलो आणि तो आरामात पिसं साफ करत राहिला. मास्तरांच्या नाकावर माशी बसली. दोन्ही हात वेळूला, तेव्हा ती मी उडवली. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि गालावरून पाणी ओघळत होतं. ते पुसायची मात्र माझी हिंमत झाली नाही.

गाणं संपलं. अक्का गुडघे धरत गच्चीवर आल्या, ज्या एरवी कधी वर येत नसत, आणि म्हणाल्या, "झालं."

मग पैलवानांना कोण आवरतो? चांगभलं झालं, काठी उधळली, वरची एक रिंग निसटली आणि बरोबर सरांच्या गळ्यात येऊन पडली. सर दोर सोडायला तयार नव्हते, त्यामुळे रिंग गळ्यात घालूनच नाचले.

ही गोष्ट इथंच संपली असती तरी मला चाललं असतं. पण काही दिवसांनी, सुट्टीच्या दिवशी सकाळी, दारात एक फेटेवाला म्हातारा येऊन उभा राहिला. बगलेत कापडात गुंडाळलेली एकतारी. मी त्याला लगेच ओळखलं. फक्त आज तो एकच होता.

उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहून तो म्हणाला, "मास्तरांचं घर हेच का? मला आत यायचं न्हाई. एक विचारायचं हाय तेवढं विचारून जातो."

अक्का आतून धावत आल्या आणि दारातच थबकल्या. मागून मास्तर आले, गळ्यात शिट्टी. अण्णांनी सांगितलं ते असं. त्या रविवारी सगळा गाव टीव्हीपुढं जमला होता, अण्णांना मधोमध खुर्ची दिली होती, आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या वेळेला गावातली वीज गेली. ती दुसऱ्या दिवशी आली. मिरच्यावाल्या बाईनं गावात सांगितलं की कोल्हापुरात मास्तरांच्या घरी मात्र सगळं दिसलं.

"माझं मला दिसलं न्हाई," अण्णा म्हणाले. "तुम्हाला दिसलो म्हणं. कसा दिसलो?"

"दोन दिसलासा, अण्णा," अक्का म्हणाल्या आणि हसायला आणि रडायला लागल्या.

अण्णा मास्तरांकडे वळले. "तुम्ही बघितलं?"

"न्हाई. मी काठी धरलीती."

"ऐकलं?"

"ऐकलं."

"कसं झालं?"

गल्ली दारात जमली होती. सर ओसरीत, वस्ताद भिंतीला टेकून. मास्तरांनी गळ्यातली शिट्टी मुठीत झाकून घेतली. मग म्हणाले, "पंगत गार झाली असती तरी चाललं असतं."

अण्णांनी मग जोडे काढले आणि आत आले.

अक्कांनी पुरण शिजत घातलं. ते होईपर्यंत जरा म्हणतो, असं म्हणून अण्णांनी एकतारी काढली आणि दिसेल त्या खुर्चीत बसले. ती खुर्ची आदल्या रात्री कुणीतरी हलवली होती. अण्णांची पाठ सरळ जोतिबाकडे. आम्ही सगळे मास्तरांकडे बघू लागलो. मास्तर उठले, दोन पावलं खुर्चीकडे गेले. मग वळले, गळ्यातली शिट्टी काढून खिळ्याला लावली आणि खाली सतरंजीवर बसले.

पोळ्या झाल्या. कटाची आमटी झाली. अण्णा गात होते. आमटीवर साय धरली, सरांच्या पोटात आवाज झाला तो मला ऐकू आला, दारातली पोरं पुरणाच्या वासानं कासावीस झाली. कुणी उठलं नाही. अण्णांनी डोळे उघडले तेव्हा ऊन ओसरीवरून उतरलं होतं. त्यांनी एकतारी बाजूला ठेवली, सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, आता फुंका की. भूक लागली."

मास्तरांनी शिट्टी खिळ्यावरून काढली आणि तोंडाला लावली. वाजेना. त्यांनी पुन्हा लावली. नुसती हवा जात होती. आयुष्यभर मैदानं हलवणारा माणूस, आणि त्याला शिट्टी फुंकता येईना. अण्णांनी हात पुढं केला, शिट्टी घेतली, धोतराच्या सोग्यानं पुसली, आणि त्या गायकाच्या छातीनं अशी फुंकली की गच्चीवरचे पारवे एकदम उठले.

आम्हीही उठलो, आणि दोनाच्या रांगेत गार पुरणपोळ्या जेवायला गेलो.